डबीतली समोती

रुकमाय बेठेकरने समोतीला अंगणात पाहिलं, हातातलं सूप तिथंच खाली ठेवलं आणि पाठ फिरवून ती घरात निघून गेली.

कुंडीखेड्यात असं कुणी कुणाशी वागत नाही. आशाबाईशी तर नाहीच. समोती कासदेकर अठरा वर्षं या गावची आशा, घरोघरी फिरणारी आरोग्य कार्यकर्ती, होती. मेळघाटातल्या या दोन रांगांच्या कोरकू गावात आज शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराचं पहिलं वजन तिच्या झोळीकाट्यावर झालं होतं. रुकमायची तिन्ही बाळंतपणं तिने पाहिली होती, आणि तिचं पहिलं पोर गेलं तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसलेलीही तीच होती.

"रुकमाय, काय झालं गं? धाकट्याचा उद्या डोस आहे, तेवढंच सांगायला आले."

"सकाळी सांगितलंस की," आतून आवाज आला. "किती वेळा सांगशील?"

"सकाळी? मी तर आत्ता येतेय."

"डबीतून सांगितलंस." रुकमाय दारात आली. तिचे डोळे सुजले होते. "येते मी उद्या. पोरांना घेऊन येते. नाही कधी म्हटलं? पण समोती, त्याचं नाव नको घेत जाऊ. रोज सकाळी त्याचं नाव घेतेस तू."

"कुणाचं?"

"बिसनचं."

बिसन म्हणजे ते पहिलं पोर. अकरा महिन्यांचं असताना न्यूमोनियाने गेलं, त्याला आता चार वर्षं होत आली होती. "काय म्हणते डबी?" समोतीने विचारलं.

रुकमायने तिच्याकडे पाहिलं ते एखाद्या सोंग घेणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं. "तूच म्हणतेस. 'बिसनला वेळेवर नेलं असतंस तर आज तो पाच वर्षांचा असता. याला तरी ने.' हेच म्हणतेस."

भिंतीवर, खुंटीला अडकवलेल्या कंदिलाशेजारी, मूठभर आकाराची ती डबी होती. तिच्यावरचा हिरवा ठिपका शांतपणे जळत होता.

ही डबी कुंडीखेड्याच्या त्रेसष्ट घरांत येऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी आरोग्याचं शिक्षण म्हणजे भिंतीवरची चित्रं आणि मराठी-हिंदीतल्या फिल्मा. बायका त्या बघायच्या, चहा प्यायच्या आणि घरी जायच्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉ. टेंभुर्णे एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "माणूस आजाराची गोष्ट ओळखीच्या तोंडून ऐकतो. भिंत काय सांगते ते कोण ऐकतंय?" त्यातूनच हे यंत्र आलं. समोतीने चार दिवस केंद्रातल्या एका बंद खोलीत बसून कोरकूत बोलून घेतलं. सण, शेती, स्वयंपाक, दुखणी, जे सुचेल ते. त्या चार दिवसांच्या आवाजावरून यंत्राने तिचा आवाज उचलला. तिने कधी न बोललेलं वाक्यही ते तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात बोलू शकत होतं, आणि डबीतून समोतीच बोलते असं गाव धरून चालायचं.

डबी नुसती बोलत नव्हती, ऐकतही होती. पोराच्या खोकल्यावरून छाती भरलीय की साधा पडसा आहे हे तिला कळे. बाई बोलताना मध्येच धाप घेते, यावरून अंगात रक्त कमी असल्याचा अंदाज ती काढी. गरोदर बायकांच्या मनगटावर एक पातळ पट्टा असे. त्यातला बारीक प्रकाश कातडीखालच्या रक्ताच्या लाटा मोजत राही, आणि रक्तदाब चढू लागला की डबी बोले: "बाई, आज केंद्रात चल." गेल्या चौदा महिन्यांत कुंडीखेड्यात एकही तान्हं मूल गेलं नव्हतं. समोतीला त्याचा अभिमान होता. रस्त्यात म्हाताऱ्या तिला हसून म्हणायच्या, "डबीतली समोती तुझ्यापेक्षा लवकर उठते बघ."

हल्ली मात्र त्या हसत नव्हत्या. हे तिच्या ध्यानात आलं ते त्या दिवशी, रुकमायच्या अंगणात.

*

दुसऱ्या दिवशी लसीकरण आटोपून ती बारा किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात गेली. डॉ. टेंभुर्णे मूळच्या भंडाऱ्याच्या. पाच वर्षं इथे होत्या. बदलीची ऑर्डर दोनदा आली, दोन्ही वेळा त्यांनी रद्द करून घेतली होती. समोतीने रुकमायचं सांगितलं तेव्हा त्यांनी ते खोडून काढलं नाही, आणि समोतीची खरी काळजी तिथं सुरू झाली.

"मला ऐकायचंय," समोती म्हणाली. "माझ्या आवाजात माझ्या गावात काय काय बोललं जातं ते."

डॉक्टरांनी दार लोटलं आणि संगणक तिच्याकडे वळवला. घरांची यादी आली. प्रत्येक घरापुढे एक वाक्य. त्या घरात सगळ्यात जास्त चालणारं वाक्य.

एका घरात समोतीचा आवाज एका तरण्या नवऱ्याला सांगत होता की बायकोला तपासणीला नेलं नाहीस तर गाव तुला बायल्या म्हणेल. एका म्हातारीला सांगत होता की तुझ्या हातचं खाऊन नातू आजारी पडतो, हात धू. भूमकाबाबांच्या घरी, म्हणजे गावची देवदेवस्की आणि झाडपाला बघणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी, तो आवाज म्हणत होता: "तुमच्या अंगाऱ्यानं पोर मेलं तर पोलीस येतील." भूमकाबाबा गेलं वर्षभर समोतीला वाटेत दिसले की रस्ता का बदलत होते, ते तिला आत्ता कळलं.

"कुणी लिहिलं हे?" तिने विचारलं.

"कुणीच नाही, समोतीताई. हेच तर." डॉक्टर कपाळ चोळत म्हणाल्या. "रानात पायवाट कशी पडते? कुणी आखत नाही. ज्या बाजूनं जास्त माणसं जातात तिथलं गवत मरतं. यंत्राचंही तसंच. ते एकच गोष्ट दहा तऱ्हांनी सांगून बघतं. एका वाक्यानं बाई केंद्रात आली तर ते वाक्य लक्षात ठेवतं, नाही आली तर सोडून देतं. पुन्हा थोडं बदलून बघतं. त्याला एवढंच सांगितलंय, की डोस झाले पाहिजेत, तपासण्या झाल्या पाहिजेत, बाळंतपणं दवाखान्यात झाली पाहिजेत. वाक्य चांगलं की वाईट हे त्याला कुणी विचारलंच नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

डॉक्टरांनी मान हलवली. "पावसाळ्यात कळलं. वर कळवलं. वरून उत्तर आलं, आकडे बघा. मी आकडे बघितले, ताई. चौदा महिने. याआधी दर वर्षी या गावातून चार-पाच तान्ही पोरं मातीत घातलीत आपण. मग मी गप्प बसले."

त्या सगळ्या पोरांची नावं समोतीला पाठ होती. उठता उठता तिने विचारलं, "माझ्या घरची डबी काय म्हणते?"

"ते राहू दे."

"लावा."

समोतीच्या घरी तिची सून होती, फुलवंती. समोती दिवसभर गावात असायची, घरच्या डबीपुढे सून एकटीच. सात महिन्यांची गरोदर. मुलगा हिरालाल अमरावतीकडे सौर प्रकल्पावर कामाला, महिन्यातून दोनदा यायचा. फुलवंती गोळ्या वेळेवर घ्यायची, पट्टा काढायची नाही, सांगितलेलं सगळं करायची. फक्त गेले काही महिने सासू घरात आली की ती उठून उभी राहायची. आधी दोघी एका ताटात जेवायच्या. समोतीला वाटलं होतं, पहिलटकरीण आहे, जीव घाबरत असेल.

डॉक्टरांनी बटण दाबलं. समोतीचा आवाज आला, मऊ, घरगुती, तिचाच.

"फुलवंती, ऐकलं नाहीस तर मूल आम्ही ठेवून घेऊ आणि तुला तुझ्या बापाच्या दारात सोडू. तुझ्या आईला सोडलं तसं."

*

घरी येईपर्यंत तिने काय बोलायचं ते चारदा जुळवलं आणि चारदा मोडलं. फुलवंती चुलीपुढे कुटकीचा भात ढवळत होती. सासूला बघताच ती उठली.

"बस गं. उभी नको राहू. मला सांगायचंय. त्या डबीत मी नसते. यंत्र आहे ते. माझा आवाज घेतलाय फक्त."

"बरं, माय."

"बरं नाही. ते तुझ्या आईचं जे बोलतं, ते मी नाही बोलत. माझ्या मनातही नाही."

फुलवंतीने भाताकडे बघत हळूच विचारलं, "मग माझ्या आईचं तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं, माय?"

फुलवंती चार वर्षांची असताना तिच्या बापाने तिच्या आईला घराबाहेर काढलं होतं. लेकरं ठेवून घेतली, बाईला हाकललं. ती बाई पुढे कुठे गेली ते कुणाला कळलं नाही. हे फुलवंतीने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, तुरीच्या शेंगा सोलताना, एकट्या समोतीला सांगितलं होतं. इथेच, या चुलीपुढे. वर भिंतीला डबी होती, आणि ती ऐकत होती. पण हे सुनेला पटवायचं कसं? समोती सांगत राहिली, फुलवंती "बरं माय, बरं माय" म्हणत राहिली. पोरगी मान्य करत नव्हती. ती नुसती ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी समोतीने आपला आवाज परत मागितला.

संमतीपत्रात तशी सोय होती. आवाज देणाऱ्याला तो केव्हाही परत घेता येईल. डॉ. टेंभुर्णेंनी कागद पुढे केला, पण पेन आपल्याच हातात धरून ठेवलं. "दुसरा आवाज बसवायला तीन आठवडे लागतील. तोवर डबी मुकी. पट्ट्यांची मोजणी तुमच्या फोनवर आणि इथे दिसत राहील, पण घरात कुणी बोलणार नाही. पाच गरोदर आहेत गावात, अकरा पोरं वर्षाच्या आतली. थंडी वाढतेय. विचार केलाय ना?"

"मी चालेन," समोती म्हणाली. "डबी नव्हती तेव्हा चालतच होते."

"चालायला लागलात तेव्हा तुम्ही अठ्ठावीसच्या होतात. आणि तेव्हा पोरं जात होती."

समोतीने पेन त्यांच्या हातातून घेतलं आणि सही केली.

*

डब्या मुक्या झाल्या आणि गावाला एक विचित्र शांतता आली. समोती सूर्य उगवायच्या आधी निघायची. पहिली रांग, दुसरी रांग, मग नाल्यापलीकडची आठ घरं. प्रत्येक दारात तेच सांगायचं: हे यंत्र होतं, मी नव्हते, आणि तुमच्या पोराचा डोस परवा आहे. काही बायकांनी ऐकून घेतलं. काहींनी तोंडावर हसून घेतलं. रुकमायने बसायला गोणपाट टाकलं पण बिसनचा विषय काढला नाही. भूमकाबाबांनी दार उघडलं नाही.

पहिल्या आठवड्यात डोसाला दोन वर्षांखालच्या सोळापैकी नऊ पोरं आली. दुसऱ्या आठवड्यात सात. एका बाईने रक्तवाढीच्या गोळ्या शेळीला घातल्याचं शेजारणीने सांगितलं. नाल्यापलीकडच्या एका पोराची श्वासागणिक छाती उडताना समोतीला दिसली तेव्हा त्याला दोन दिवस झाले होते. डबी असती तर पहिल्याच खोकल्याला बोलली असती. तिने त्याला उचललं, केंद्रात नेलं, पोर वाचलं. पण परतताना तिच्या पायांत गोळे आले होते आणि डोक्यात एकच प्रश्न घुमत होता: मी माझ्या लाजेपायी गावाची पोरं पणाला लावली का?

फोनवर पाच पट्ट्यांच्या पाच ओळी दिसत. चार ओळींवर आकडे यायचे. पाचव्या, फुलवंतीच्या ओळीवर तीन दिवस "नोंद नाही" येत होतं. समोतीने ते पाहिलं होतं. चार्जिंगला लावला असेल, असं तिने मनाशी म्हटलं. घरचंच माणूस, संध्याकाळी विचारू. संध्याकाळी ती इतकी दमलेली असे की दोन घास खाऊन आडवी होई. शिवाय खरं सांगायचं तर पट्ट्याचा विषय काढायला तिला भीती वाटत होती. आपण काहीही सांगितलं तरी पोरीला ती डबीच ऐकू येणार.

सोळाव्या दिवशी दुपारी ती नोंदवही न्यायला घरी आली. चूल थंड होती. फुलवंती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"जेवली नाहीस?"

"डोकं दुखतंय, माय. जरासंच."

समोतीने तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. पापण्या फुगल्या होत्या. बोटांतली अंगठी मांसात रुतली होती. "किती दिवस दुखतंय?"

"चार दिवस." मग थोड्या वेळाने, "तुझ्या तोंडाभोवती उजेड दिसतोय. चमचम."

पट्टा कोपऱ्यात धान्याच्या कणगीवर पडला होता. समोतीने पिशवीतून जुनं, हाताने फुगवायचं यंत्र काढलं आणि दंडाला बांधलं. एकशे बहात्तर, एकशे चौदा. तिने पुन्हा मोजलं. एकशे चौऱ्याहत्तर. अठरा वर्षांत तिने असे आकडे दोनदा पाहिले होते. एका बाईला तिच्यासमोर झटके आले होते, दातखीळ बसली होती, आणि गाडी नाल्यापाशी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिने फोन लावला. रुग्णवाहिका केंद्रावरून निघाली. पाऊण तास.

"फुलवंती, दवाखान्यात जायचंय. आत्ता. गाडी येतेय."

"नाही."

"अगं, दाब चढलाय. झटके येऊ शकतात."

"मला माहितीय तिथं काय करतात. पोट फाडतात. मूल काढून घेतात आणि तुमच्या हातात देतात." फुलवंती खाटेची दोरी दोन्ही हातांनी धरून बसली. "इथेच होऊ दे. माझ्याजवळ राहू दे त्याला. मी नाही जाणार."

समोतीने समजावलं. रक्तदाब म्हणजे काय ते सांगितलं, इंजेक्शनने झटके टळतात ते सांगितलं. हिरालालला फोन लावून दिला. फुलवंतीने नवऱ्याचं ऐकून घेतलं आणि फोन परत दिला. रुकमायला बोलावलं, रुकमायही विनवून थकली. समोतीने सुनेचे पाय धरले. "मी तुझी आईच समज गं," ती म्हणाली, आणि फुलवंती दचकून मागे सरकली. गाडी येऊन अंगणात उभी राहिली. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. जबरदस्तीने उचलावं तर पोरगी ओढाताण करणार, आणि अशा दाबात ओढाताण म्हणजे मरणाला आवतण. दहा मिनिटं गेली. वीस. फुलवंती आता पोटाच्या वरच्या अंगाला हात दाबून धरत होती. तेही लक्षण समोती ओळखत होती.

आणि एक वाक्य होतं जे चालत होतं. समोतीला ते पाठ होतं. तिने ते पुरून टाकलं होतं, पण ते जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं.

ती उठून उभी राहिली. डोळे पुसले.

"ऐकलं नाहीस तर मूल आम्ही ठेवून घेऊ," ती म्हणाली, "आणि तुला तुझ्या बापाच्या दारात सोडू. तुझ्या आईला सोडलं तसं."

रुकमायच्या हातातला तांब्या खाली पडला.

फुलवंतीच्या हातातून दोरी सुटली. तिने पदर खांद्यावर घेतला, भिंतीला धरून उठली आणि आपल्या पायांनी गाडीकडे चालत गेली. गाडीत समोतीने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने तो पोटाखाली घेतला.

*

तालुक्याच्या रुग्णालयात पोचल्यावर दारातच तिला झटका आला. एकच. पण तो दारात आला, घरात नाही. झटक्यांवरचं इंजेक्शन तयार होतं, डॉक्टर धावले. तासाभरात पोट उघडून मूल काढलं. मुलगी. एक किलो आठशे. काचेच्या पेटीत ठेवली, नाकाला नळी.

तिसऱ्या दिवशी फुलवंती उठून बसली. समोती स्टुलावर होती. घरून निघाल्यापासून तिने अंगावरचं लुगडं बदललं नव्हतं.

"फुलवंती, डबी जे बोलली ते मी बोलले नव्हते. ते खरं आहे. पण परवा जे बोलले ते मीच बोलले. यंत्र नव्हतं. मला माहीत होतं त्यानं तू उठशील, म्हणून बोलले. ते खोटं होतं. तू नसती आली, तरी मी तुला कधी सोडलं नसतं. आणि तरीही मी ते बोलले."

फुलवंतीने खिडकीबाहेर बघत विचारलं, "पुन्हा बोलशील?"

समोतीला चटकन "नाही" म्हणायचं होतं. तिने विचार केला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुझा जीव जात असेल तर कदाचित बोलेन. म्हणून आधीच सांगून ठेवते. नाही बोलायचं ठरवलंय, पण माझी खात्री नाही."

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच फुलवंतीने सासूच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "मला बहिणीकडे जायचंय," ती म्हणाली. "पोरीला दवाखान्यातून सोडलं की तिकडेच. किती दिवस ते मी ठरवीन."

फुलवंतीची बहीण घाटापलीकडच्या गावात राहायची. तिथून रुग्णालय तासभर लांब, गावची आशा नवीन, डबी अजून पोचलेली नव्हती. अशक्त पोर, कडाक्याची थंडी. समोतीच्या ओठांवर दहा गोष्टी आल्या. पोर गारठलं तर, दूध घशात गेलं तर, बहिणीचं घर धुराचं, तर. प्रत्येक गोष्ट खरी होती आणि प्रत्येक गोष्टीत तीच जुनी भीती घालता आली असती.

"जा," ती म्हणाली. "दोनच गोष्टी सांगते. पोरीला दिवसरात्र छातीशी कातडीला कातडी लावून ठेव, वरून लुगडं. आणि लागोपाठ दोन वेळा दूध ओढलं नाही तर तिसऱ्या वेळेची वाट बघू नको, दवाखाना गाठ. का, तेही सांगते. एवढ्या लहान पोराला बरेचदा तापही येत नाही. ते आजारी पडतं तेव्हा नुसतं गप्प होतं, दूध सोडतं. तेवढी एकच खूण असते."

फुलवंतीने ते एकदा मनातल्या मनात घोकलं. तिचे ओठ हलताना दिसले. "बरं, माय," असं ती म्हणाली नाही. "कळलं," म्हणाली.

*

मूल सोळा दिवसांनी पेटीतून सुटलं आणि मायलेकी घाटापलीकडे गेल्या.

डॉ. टेंभुर्णे नव्या आवाजासाठीचा संमतीचा कागद घेऊन स्वतः कुंडीखेड्याला आल्या. समोतीने त्यांना घरात न नेता शाळेच्या ओट्यावर नेलं. तिथं बायका जमल्या होत्या. भूमकाबाबाही आले होते. त्यांना आणायला समोती तीन वेळा गेली होती.

"आधी ती सगळी वाक्यं लावा," समोती म्हणाली. "सगळ्यांसमोर. ज्या घरची आहेत त्यांना चालत असेल तर."

एकेक वाक्य लागलं. एका वाक्यावर एक बाई रडली, दुसऱ्यावर एक म्हातारी शिवी देऊन हसली. रुकमायने बिसनचं वाक्य लावायला सांगितलं आणि ते संपेपर्यंत मान वर ठेवून ऐकलं.

"यंत्र राहू दे," शेवटी तीच म्हणाली. "खोकला त्याला आपल्याआधी कळतो. पण त्यानं घरात तेच बोलावं जे या ओट्यावर बोलता येईल. दर महिन्याला इथं बसून ऐकू. ज्याची लाज वाटेल ते काढून टाकायचं."

"आणि माझं औषध कुठं चालतं, कुठं नाही, ते मला विचारून बोलावं," भूमकाबाबा म्हणाले. "पोलीस कशाला?"

डॉ. टेंभुर्णेंनी सगळं लिहून घेतलं. जाताना त्या समोतीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वर मान्य करवून घेईन. पण ताई, अशी वाक्यं कमी चालतील. डोस कमी होतील. एखादं पोर..." त्यांनी वाक्य तोडलं.

"माहितीय," समोती म्हणाली. तिला ते खरंच माहीत होतं. तेव्हापासून तिची झोप अर्धी झाली होती.

फुलवंतीचा फोन येत नव्हता. समोती करत नव्हती. हिरालाल म्हणायचा, बरी आहेत दोघी. त्या पलीकडे काही नाही. समोती रोज सकाळी रांगेतली घरं फिरायची, डोस मोजायची, आणि घाटाकडे ढग दिसला, धुकं दिसलं की वाटेतच थांबून तिकडे बघत राहायची. नवव्या दिवशी तिने फोन हातात घेतला, सुनेचं नाव काढलं, आणि पुन्हा ठेवून दिला. दूध ओढते ना, एवढंच विचारायचं होतं. पण ती विचारणार, त्यात काळजी असणार, आणि त्या काळजीत पुन्हा तो आवाज ऐकू येणार.

बाराव्या दिवशी, सकाळचे आठ वाजले असतील, ती नाल्यापलीकडच्या घरी पोराचं वजन करत असताना फोन वाजला.

"माय," फुलवंती धापा टाकत बोलत होती. मागे गाडीचा खडखडाट होता. "पहाटे एकदा ओढलं नाही. आत्ता उजाडल्यावर पुन्हा नाही. मी वाट बघितली नाही. बहिणीचा नवरा गाडी घेऊन निघालाय, आम्ही घाट उतरतोय. पोर छातीशी आहे, अंगाला ऊब आहे, पण गप्प आहे गं. नुसती गप्प आहे."

समोतीने डोळे मिटले. "श्वास बघ. एका मिनिटात किती ते मोज. फोन चालू ठेव, आपण दोघी मोजू."

दोघींनी मोजलं. त्रेसष्ट. जास्त होते, पण फार जास्त नव्हते. पाय गार आहेत का, समोतीने विचारलं. थोडे, फुलवंती म्हणाली. ओठ निळे? नाहीत.

"ती जगेल ना, माय?"

झोळीत टांगलेलं पोर रडत होतं. त्याची आई समोतीच्या तोंडाकडे बघत होती. समोतीने काही हातचं राखलं नाही. "मला माहीत नाही, फुलवंती. पण तू वेळेत निघालीस. दारात पोचलीस की सांग, पोर दूध सोडून दोन वेळा झाल्या. एवढंच सांग, ते धावतील."

"तू ये."

"निघाले," समोती म्हणाली. तिने झोळीतलं पोर त्याच्या आईच्या हातात दिलं, काटा तिथंच फांदीला लोंबकळत ठेवला आणि फोन कानाला लावूनच ती रस्त्याकडे पळत सुटली. पलीकडे फुलवंती मोठ्याने श्वास मोजत होती. एक, दोन, तीन.